गादीवाल्याची तिबेटी

तिबेटी भाषेच्या वर्गात पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपापलं कारण सांगितलं. एक गृहस्थ मनःशांतीसाठी आले होते. एका मुलीला मागच्या जन्माबद्दल काही शंका होत्या. पीएचडी करणाऱ्या एका चष्मेवाल्याला कुठल्याशा पोथीच्या कुठल्याशा पानावर प्रबंध लिहायचा होता, आणि ते सांगता सांगता तो स्वतःच जांभया द्यायला लागला. शाल पांघरलेल्या एका बाईंनी डोळे मिटून "शून्यता" एवढंच म्हटलं, त्यावर सगळ्यांनी कळल्यासारख्या माना डोलावल्या. मग पाळी आली शेवटच्या बाकावरच्या गादीवाल्याची. साठी ओलांडलेला माणूस, शर्टाला फोमचा भुगा चिकटलेला, बाकाखाली गुडघे मावत नाहीत म्हणून तिरका बसलेला.

"तुम्हाला कशासाठी शिकायची आहे?" शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं.

"भांडायला," गादीवाला म्हणाला.

वर्ग हसला. गादीवाला नाही हसला. अहो, त्याने खरं तेच सांगितलं होतं.

त्याचा धंदा सोफे आणि खुर्च्या मढवायचा. खाली कारखाना, वर दोन खोल्या, मधे एक असा जिना की सोफा खाली नेताना दोघांपैकी एकाने शिव्या दिल्याच पाहिजेत. शिव्या देणारा दुसरा माणूस म्हणजे त्याचा भागीदार. तरुणपणी हा भागीदार तिबेटहून कुठून कुठून फिरत त्याच्या दारात काम मागायला आला आणि तिथेच राहिला. इथली भाषा त्याने अशी काही उचलली, की इथे जन्मलेल्या माणसाने त्याच्यासमोर तोंड उघडताना विचार करावा. टोमणे तर असे मारायचा, की ऐकणाऱ्याला घरी गेल्यावर लागायचे. दोघांनी लग्नं केली नाहीत. कधी करणार? सकाळी चहाच्या वेळी जे भांडण सुरू व्हायचं ते संध्याकाळी शटर ओढेपर्यंत चालायचं. गिऱ्हाईक दारात उभं राहून ऐकत बसायचं आणि कशासाठी आलो होतो ते विसरून परत जायचं.

आणि मग एका सकाळी भागीदाराला झटका आला. उजवी बाजू गेली. डाव्या बाजूचं सगळं शाबूत, जीवही शाबूत, पण शुद्धीवर येऊन त्याने तोंड उघडलं तेव्हा आतून निघाली ती नुसती तिबेटी. इथली भाषा पार पुसून गेली होती. बोलता येईना, समोरच्याचं कळेनाही. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी. नंतर शिकलेलं आधी जातं. परत येईल का? येईलही, न येईलही. असलं उत्तर तर गादीवाला स्वतःसुद्धा गिऱ्हाइकाला देत असे, सोफा कधी मिळेल म्हणून विचारल्यावर.

घरात तिसरं माणूस म्हणजे गादीवाल्याची थोरली बहीण, ताई. ती दिवसभर भागीदाराचं बघायची. तिचा असा समज होता, की मोठ्याने बोललं की कोणतीही भाषा कोणालाही कळते. "सूऽऽप! सूप हवंय का? सूऽऽप!" खाली कारखान्यात गादीवाल्याच्या कानठळ्या बसायच्या आणि वर भागीदार शांतपणे भिंतीकडे बघत असायचा. गादीवाल्याला त्याची भयंकर आठवण यायची. माणूस समोर बसलेला, रोज दाढी करून द्यायची, उचलून खुर्चीत ठेवायचा, आणि तरी त्याची आठवण यायची. ह्याच्यासारखा ताप दुसरा नाही.

भागीदाराची भाची दुसऱ्या गावात रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. ती येऊन बघून गेली. पोरगी चांगली, पण सुई टोचणाऱ्या लोकांसारखी थेट बोलणारी.

"काका, तुम्ही मामाचं सगळं करता, मला दिसतंय," ती म्हणाली. "पण त्यांच्याशी बोलायला इथे आहे कोण? माणूस बोलायचा थांबला की आतून सुकतो. मी त्यांना माझ्याकडे नेते."

"तुझी एक खोली. दिवसभर तू कामावर."

"संध्याकाळी तर असेन ना. आमच्या चाळीत आणखी दोन तिबेटी घरं आहेत."

गादीवाल्याने सुचेल ते बोलून टाकलं. "मी शिकतो."

"काय?"

"तिबेटी. उन्हाळ्यात तो वर्ग असतो ना, सकाळ ते संध्याकाळ. उन्हाळा संपेपर्यंत थांब. तेव्हा ये. नाही जमलं तर घेऊन जा त्याला."

भाची म्हणाली, "काका, तुम्हाला मोबाइलवर फोटो पाठवता येत नाही."

"फोटोचं वेगळं असतं," गादीवाला म्हणाला.

झालं. अशा रीतीने गादीवाला शून्यतेच्या शेजारी येऊन बसला.

वर्ग घेणाऱ्या बाईंना सगळे गेन्ला म्हणायचे. तिबेटीत शिकवणाऱ्या माणसाला मानाने तसंच म्हणतात. ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, आवाज मात्र लोखंडी. त्यांचा नियम एकच: इमारतीत पाऊल टाकलं की फक्त तिबेटी. जो दुसऱ्या भाषेत एक शब्द बोलेल त्याने दुपारच्या चहाचे सगळे कप विसळायचे. बाकीच्यांना हा नियम फार आवडला. मौनाचं वळण लागतं म्हणे. गादीवाल्याने पहिल्याच सकाळी दारात पाय अडखळून एक सणसणीत शब्द उच्चारला आणि तेव्हापासून कप त्याच्याकडे लागले ते लागलेच. मोरीपाशी उभं राहून कप विसळताना तो मनातल्या मनात इतकी मराठी बोलायचा, की ती बाहेर ऐकू आली असती तर वर्ग बंद करावा लागला असता.

तरी पण अक्षरं मात्र त्याला ओळखीची निघाली. क, ख, ग आणि मग ङ! शाळेत ज्या ङ-साठी पुस्तकवाल्यांना एक चित्रसुद्धा सापडलं नव्हतं, जो जन्मभर रांगेच्या शेवटी नुसता उभा होता, तो ङ इथे एकदम मालक. तिबेटीत 'ङ' म्हणजे 'मी'! गादीवाल्याचं ह्या भाषेबद्दल एकदम बरं मत झालं. गरिबाला कामाला लावणारी भाषा आहे, असं तो ताईला म्हणाला. पण पुढच्याच आठवड्यात शब्द जोडायला लागले आणि मत पुन्हा फिरलं. एकेका शब्दात सहा सहा अक्षरं लिहायची, एकाच्या डोक्यावर एक, पोटात एक, पायाशी एक, आणि तोंडातून काय निघणार? "ड्रुप." बाकीची अक्षरं नुसती जेवायला आलेली. एवढा माल लावून एवढीच खुर्ची तयार होत असेल तर धंदा कसा चालायचा, असं त्याने गेन्लांना विचारलं. मराठीत विचारलं, त्यामुळे कप.

उच्चार मात्र त्याचे चांगले होते, हे गेन्लांनाही मान्य करावं लागलं. "तोंडात काय आहे?" त्यांनी एकदा जवळ येऊन बघितलं. काही नव्हतं. पण सोफा मढवणारा माणूस हातोडी चालवताना छोटे खिळे ओठांत धरतो आणि जिभेने एकेक पुढे ढकलतो. जन्मभर हेच केल्यामुळे गादीवाल्याची जीभ फार हुशार झाली होती. शालवाल्या बाईंना जे आवाज तासभर आरशासमोर बसून जमत नव्हते ते हा सहज काढायचा. पीएचडीवाल्याला अर्थ सगळे ठाऊक आणि तोंडातून एक शब्द नीट निघेना. गादीवाल्याचं नेमकं उलटं.

गेन्लांची शिकवायची पद्धत जुनी होती. आधी जीभ, मग डोकं. पाठ द्यायचा, तो घरी कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवायचा, रोज, न अडखळता येईपर्यंत. अर्थ नंतर. त्या स्वतः लहानपणी अशाच शिकल्या होत्या आणि त्यांचं काही वाईट झालं नव्हतं. वर्गातल्या सगळ्यांना प्रश्न पडला, घरी वाचून दाखवायचं कोणाला? कोणी मांजरापुढे वाचायचं ठरवलं, कोणी कुंडीपुढे. गादीवाल्याला मात्र घरबसल्या खराखुरा तिबेटी माणूस मिळालेला! तो त्या संध्याकाळी दोन दोन पायऱ्या चढत वर गेला.

पाठ मोठा दणदणीत होता. शब्दांना एक चाल होती, ठेका होता. गादीवाला भागीदाराच्या उशाशी स्टूल घेऊन बसला, चष्मा लावला, घसा साफ केला आणि पहिल्या ओळीपासून खणखणीत आवाजात वाचत सुटला. भागीदाराने झटक्यात मान वळवली. इतक्या दिवसांत प्रथमच त्याने गादीवाल्याकडे नीट बघितलं. त्याचा डावा हात हळूहळू वर आला आणि छातीवर ठेवला गेला. गादीवाल्याचा ऊर भरून आला. त्याने पाठ दुसऱ्यांदा वाचला.

दुसऱ्या दिवशी भागीदाराच्या डोळ्यांत पाणी आलं. तिसऱ्या दिवशी त्याने ताईचा हात धरून कपाळाला लावला. ताई खाली धावत आली. "अरे, ह्याला झालंय काय? जन्मात माझ्याशी सरळ बोलला नाही, आणि आता सूप दिलं तर हात धरून रडतो!"

"भाषेचा परिणाम आहे," गादीवाला म्हणाला. "आपल्या भाषेतलं चांगलं काही कानावर पडलं की माणूस मऊ होतो."

भागीदार इतका मऊ झाला, की त्याने जेवण सोडलं. चमचा पुढे केला की हसून मान फिरवायचा. दिवसभर छताकडे बघत पडायचा, चेहऱ्यावर अशी शांती, की गादीवाल्याला स्वतःचीच भीती वाटायला लागली. हा माणूस आणि शांत? शेवटी ताईने भाचीला व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाइल भागीदारासमोर धरला. भागीदार सावकाश बोलला. भाचीने काहीतरी विचारलं. तो पुन्हा बोलला आणि गादीवाल्याकडे बोट केलं. पडद्यावर भाचीने तोंडावर हात ठेवला.

"काका," ती म्हणाली, "तुम्ही मामाला रोज काय वाचून दाखवता?"

"पाठ. वर्गातला."

"तो मरणाऱ्या माणसाच्या उशाशी म्हणायचा पाठ आहे! घाबरू नकोस, मागे वळून बघू नकोस, हे घर आता तुझं नाही, ही माणसं तुझी नाहीत, पुढे चालू लाग. मामा म्हणतात, डॉक्टरांनी ह्याला सांगितलं असणार माझं काही खरं नाही म्हणून, आणि बिचाऱ्याला कसं सांगावं कळेना, म्हणून हा एवढं शिकून आला."

गादीवाल्याच्या हातातला चष्मा खाली पडला. भूमी दुभंगायला हवी होती, पण खाली कारखाना होता. भाची आधी हसली, इतकी हसली की मोबाइल हलायला लागला, मग तिने मामाला सगळं समजावून सांगितलं. मामा आधी सुन्न झाला, मग त्याने ताईकडे बघून सूप मागितलं. हातवारे करून भरपूर मागितलं. सगळं आटोपल्यावर भाचीचा आवाज बदलला.

"काका, वाईट वाटून घेऊ नका. पण हे पोपटासारखं झालं. ते बोलतात ते तुम्हाला कळत नाही, आणि तुम्ही बोलता तेसुद्धा तुम्हाला कळत नाही. मी ठरल्याप्रमाणे उन्हाळा संपला की येते. त्यांचे कपडे तेवढे बांधून ठेवा."

दुसऱ्या दिवशी गादीवाला वर्गात शिरला तो नियम-बियम दारात ठेवूनच. "अर्थ आधी का नाही सांगितलात?" त्याने गेन्लांना सगळ्यांसमोर, चांगल्या खणखणीत मराठीत विचारलं.

"अर्थ पुढच्या आठवड्यात होता," गेन्ला म्हणाल्या. त्याही मराठीतच म्हणाल्या, आणि वर्ग हबकून गेला.

"तोवर माझा माणूस उपाशी मेला असता!"

काय घडलं ते त्याने सांगितलं. मनःशांतीवाल्या गृहस्थांना खिडकीबाहेर बघून हसू आवरावं लागलं. शालवाल्या बाई म्हणाल्या, खरं तर किती सुंदर अनुभव. गादीवाल्याने त्यांच्याकडे असं बघितलं, की त्यांनी शाल सावरली. गेन्लांनी मात्र सगळं ऐकून घेतलं, पुस्तक मिटलं आणि म्हणाल्या, "वर्ग सुटल्यावर स्वयंपाकघरात या. माझे बटाटे सोलायला कोणीतरी हवंय."

तेव्हापासून रोज वर्ग सुटला की गादीवाला गेन्लांच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलायचा आणि गेन्ला बोलत राहायच्या. पोथीतलं काही नाही. गॅस नीट पेटत नाही, शेजारीण नळ उघडा टाकते, गुडघे दुखतात, जावई आळशी आहे, ह्या सुरीला धार नाही, अरे किती जाड साल काढतोस, पाठीत वाकून बसू नकोस. हळूहळू बोलायच्या, एकच गोष्ट दहादा सांगायच्या, आणि त्याने चुकीचं उत्तर दिलं की ओल्या हाताने मनगटावर चापट. गादीवाल्याच्या नाकी नऊ आले. झोपेत त्याला क्रियापदं दिसायची. सोफ्याचा काथ्या उपसताना तो त्याला तिबेटीत नावं ठेवायचा. पण एक दिवस गेन्ला गॅसपाशी काहीतरी पुटपुटल्या आणि तो फिसकन हसला. गेन्लांनी मागे वळून बघितलं. जावयाबद्दलचं ते वाक्य त्यांनी शिकवलेलं नव्हतं. ते त्याला आपोआप कळलं होतं.

घरी मात्र त्याने तोंडाला कुलूप लावलं. एकदा तोंड उघडलं तर माणूस मरायला टेकला. पुन्हा उघडायची छाती होईना. भाची येईल तेव्हा एकदम नीट बोलून दाखवीन, असं त्याने ठरवलं, आणि तोवर नुसता ऐकायला लागला. भागीदार तर दिवसभर बोलतच असायचा. समोरच्याला कळत नाही म्हटल्यावर माणूस किती मोकळा होतो! आजारामुळे एकेक शब्द सावकाश, तुटक यायचा. नवशिक्यासाठी ह्याहून बरा मास्तर शोधून सापडला नसता. पहिल्यांदा कळलं ते: "सूप पातळ." मग: "ही बाई चालते की फरशी फोडते?" मग: "आज ह्याने माझी दाढी केली, अर्धी ठेवली." गादीवाला वस्तरा पुसायच्या निमित्ताने तोंड फिरवून हसायचा. त्याचा माणूस आत होता. पुरताच्या पुरता आत होता, टोमण्यांसकट! आनंदाने त्याला रडू यायचं, आणि रडूही फिरवलेल्या तोंडानेच उरकावं लागायचं.

एकच गोष्ट गादीवाल्याची बरी नव्हती, ती म्हणजे त्याची पाठ. भागीदार अंगाने भक्कम. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात, न्हाणीघरातून परत, हे सगळं गादीवाला एकटा करायचा. ताईने एकदा म्हटलं, कोणी मदतीला बघू या का, तर तो तिच्या अंगावर धावून गेला. उचलून झालं की जिन्याच्या दाराआड जायचा, भिंतीला टेकून जरा उभा राहायचा, कळ गेली की परत यायचा. कोणाला कळत नाही असा त्याचा ठाम विश्वास होता.

उन्हाळा संपला. शेवटच्या दिवशी सगळ्यांनी भाषणं केली. मनःशांतीवाले अडखळत का होईना बोलले, पीएचडीवाल्याने पोथीतलं एक पान म्हटलं. गादीवाल्याने बटाट्यांबद्दल दोन वाक्यं म्हटली आणि गेन्लांनी सगळ्यात जास्त टाळ्या त्याला वाजवल्या. घरी येतो तर दारात गाडी उभी, आणि वर भाची येऊन बसलेली. भागीदाराच्या पायाशी त्याची बॅग. ताईने बांधली होती, आणि ताईचं नाक लाल झालं होतं.

गादीवाल्याने ठरवून आणलेलं वाक्य ओठांवर घेतलं. खिळ्यासारखं, अगदी टोकाशी. तेवढ्यात भागीदारच बोलायला लागला. भाचीशी, तिबेटीत, सावकाश, नेहमीसारखा एकेक शब्द, आणि गादीवाल्याकडे न बघता.

"मला घेऊन जा," तो म्हणाला.

गादीवाल्याच्या तोंडातलं वाक्य तिथेच राहिलं.

"ह्याची पाठ गेली," भागीदार पुढे म्हणाला. "मला उचलतो. मग दाराआड जातो. भिंतीला टेकतो. इथून सावली दिसते. रोज दिसते. मी राहिलो तर हा मोडेल." त्याने श्वास घेतला. "हा गाढव आहे. विनवलं तरी सोडणार नाही. त्याला सांग, मी रागावलोय. सांग, मला इथे आवडत नाही. सांग, माझं ठरलंय, जातोच. खोटं बोल. चेहरा नीट ठेव."

भाचीचे डोळे भरून आले होते. तिने ते पुसले, चेहरा नीट केला, आणि गादीवाल्याकडे वळली. सुई टोचणाऱ्या माणसाला चेहरा नीट ठेवायची सवय असते.

"काका," ती म्हणाली, "मामा म्हणतात, त्यांना इथे करमत नाही. त्या पाठाचा राग अजून मनात आहे. त्यांना माझ्याकडे यायचंय. त्यांनीच ठरवलंय."

भागीदार भिंतीकडे बघत होता, ओठ घट्ट मिटलेले, रागावलेल्या माणसाचं सोंग घेऊन. आणि सोंग कसलं भिकार! एवढं वाईट सोंग आयुष्यात कोणी केलं नसेल. इतके महिने घासून घासून शिकलेली भाषा, आणि तिच्यात सरळसोट, अर्थासकट, एकही शब्द न सुटता कळलेलं पहिलं मोठं बोलणं कोणतं, तर हे. त्याच्याचसाठी रचलेलं खोटं.

तो पलंगासमोर जाऊन उभा राहिला.

"पाठ माझी," तो तिबेटीत म्हणाला.

भाचीने दचकून वर बघितलं. भागीदाराची मान हळूहळू वळली.

"पाठ माझी," गादीवाला पुन्हा म्हणाला. वाक्यं आता कुठली ठरवून आणलेली, सगळी विखुरली होती. हाताला लागेल तो शब्द तो पुढे ढकलत होता. "तुझी नाही. दुखते. मला दुखते. तू कोण सांगणार? तू खोटं बोलतो. वाईट बोलतो. तिला पण खोटं शिकवतो. लाज!"

"अरे देवा," भाची म्हणाली.

भागीदाराचं तोंड उघडंच राहिलं. मग त्यातून असा काही लोंढा बाहेर पडला, की एवढा वेग झटका आल्यापासून कोणी ऐकला नव्हता. थुंकी उडत होती, डावा हात हवेत नाचत होता. गादीवाल्याला त्यातलं अर्धंसुद्धा कळलं नाही. गाढव दोनदा कळलं. ताई दारातून ओरडली, "अगं, हा काय म्हणतोय?" आणि भाची रडत हसत म्हणाली, "ताई, मी हे मोठ्यांसमोर बोलू शकत नाही."

"हळू!" गादीवाला ओरडला. "हळू बोल! मी नवीन!"

भागीदार थांबला. मग हळू, एकेक शब्द तोडून म्हणाला, "कधीपासून कळतंय?"

"सूप पातळ," गादीवाला म्हणाला. "तेव्हापासून."

भागीदाराने डोळे मिटले. आपण काय काय बोललो ते बहुतेक आठवत असावा. बरंच असणार, कारण कान लाल झाले. मग त्याने डोळे उघडले आणि भाचीला काहीतरी म्हणाला. भाचीने ते सांगायला तोंड उघडलं, पण गादीवाल्याने हात वर केला. कळलं होतं त्याला. उचलायला माणूस ठेवायचा. रोज, सकाळ संध्याकाळ. ह्याने माणूस ठेवला तर मी राहतो. नाहीतर आत्ता, ह्या पावली, बॅग बांधलेली आहे.

"माणूस कशाला?" गादीवाला सवयीने म्हणाला. "मी आहे की."

भागीदाराने डाव्या पायाने बॅग भाचीकडे ढकलली.

"ठेवतो," गादीवाला म्हणाला. "ठेवतो, ठेवतो! उद्या ठेवतो."

"आज," भागीदार म्हणाला. भाचीने मोबाइल काढला. लॅबमध्ये तिच्या ओळखीचा एक जण होता. त्याचा भाऊ ह्याच गावात रुग्णांना उचलायचं काम करायचा. तिने तिथल्या तिथे बोलून टाकलं. ताईने बॅगेची चेन उघडली आणि कपडे कपाटात कोंबायला लागली, घड्या बिड्या न घालता.

भागीदाराने पलंगावर आपल्या शेजारी डावा हात आपटला. झोप इथे. गादीवाला म्हणाला, काही नको. हात पुन्हा आपटला गेला. शेवटी तो कुरकुरत पालथा पडला, बुटांसकट, आणि भागीदाराने त्याचा शर्ट वर सारला. जन्मभर सोफ्याच्या स्प्रिंगा बांधलेला तो डावा हात कमरेवरून हळूहळू वर सरकायला लागला, गादीत कुठे खड्डा पडलाय ते बघतात तसा.

"इथे दुखतं?" त्याने विचारलं.

"नाही."

हात जरा वर सरकला आणि अंगठा दाबला. "इथे?"

"नाही," गादीवाला म्हणाला. त्याचे दात एकमेकांवर आवळले होते.

अंगठा तिथेच राहिला. भागीदार वाट बघत थांबला. उशीत तोंड खुपसून गादीवाला पडून राहिला. आजवर त्याला हे कोणत्याही भाषेत कोणाला सांगता आलं नव्हतं.

"दुखतं," तो म्हणाला. "खूप दुखतं रे."